अंगठ्याचा अपराध

अंगठ्याचा इतिहास आमच्या या भागात फार जुना असून तो बहुतांशी कर्जाच्या दस्तऐवजांवर लिहिला गेला आहे. डहाणू-तलासरीकडच्या रानातला वारली सावकाराच्या कागदावर, त्यातला मजकूर वाचता येत नसतानाही, किंबहुना वाचता येत नव्हता म्हणूनच, शाईचा अंगठा उठवी आणि पुढे पिढ्यानपिढ्या वेठ करीत राही. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर त्याच्या पाठीशी उभे राहिले, तेव्हा कोठे त्या अंगठ्याभोवती उरलेली चार बोटे आवळली गेली आणि मूठ तयार झाली. परंतु शाईचा थेंबही न लागलेला, घरबसल्या नुसता उंचावलेला अंगठासुद्धा माणसाला थेट न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नेऊन उभा करू शकतो, हा शोध लावण्याचा मान निर्विवादपणे पालघरचा आहे. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्ह्याची पदवी त्याला १ ऑगस्ट २०१४ रोजी मिळाली, पण कीर्ती आधीच येऊन पोहोचली होती.

हकिगत सर्वश्रुत आहे. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे निवर्तले. १८ तारखेस, रविवारी, शिवाजी पार्कावर अंत्यसंस्कार झाले, लाखोंचा समुदाय लोटला आणि मुंबईसह भोवतालचा मुलूख कडकडीत बंद राहिला. माणसे रोज जन्मतात, रोज मरतात, त्यासाठी बंद कशाला, आणि हा बंद आदराचा की धाकाचा, अशा आशयाची चार वाक्ये पालघरच्या एका एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर लिहिली, आणि तिच्या मैत्रिणीने त्यांना पसंतीचा अंगठा दाखवला. बंद धाकाने पाळला जातो हे विधान खोटे ठरवण्यासाठी एक जमाव तिच्या काकांच्या रुग्णालयावर चालून गेला व त्याने तेथील सामानाची मोडतोड केली. विधानाचे इतके जोरकस खंडन तर्कशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात मला आढळलेले नाही.

यापुढे पोलीस खात्याने जी तत्परता दाखवली तिचे वर्णन करताना माझी लेखणी तोकडी पडते. माझी स्वतःची सायकल चोरीस गेली त्या वेळी, एका ठाण्यात (कोणत्या ते सांगत नाही, कारण सायकल अजून सापडायची आहे) नुसत्या तक्रार-अर्जाची पोच मिळवण्यास मला चार खेपा घालाव्या लागल्या होत्या; ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’ हे वाक्य मला तेव्हापासून पाठ आहे. येथे मात्र साहेब जागेवर होते. १९ तारखेस दोघींना अटक झाली. प्रथम धार्मिक भावना दुखावल्याचे २९५ अ हे कलम काढण्यात आले; त्यात धर्म कोठे आला असा प्रश्न बहुधा दप्तरातच कोणाला तरी पडला असावा, कारण मागाहून त्याच्या जागी वर्गावर्गांत वितुष्ट आणल्याचे ५०५(२) आले; आणि शेजारी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ मांडण्यात आले. पंधरा-पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर दोघी सुटल्या. मोडतोड करणारेही पुढे पकडले गेले हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे, मात्र आधी लिहिणारीला आणि मागून फोडणाऱ्याला हा क्रम नजरेआड करण्यासारखा नाही. मग बोभाटा झाला, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, न्यायदंडाधिकाऱ्यांची बदली झाली, आणि खटला मिटला.

त्या ६६ अ कलमाची रचना न्याहाळण्याजोगी होती. संगणकावरून अथवा संपर्काच्या साधनाने जो कोणी अत्यंत आक्षेपार्ह मजकूर धाडील, किंवा खोटे माहीत असूनही दुसऱ्यास चीड, गैरसोय, अपमान वगैरे व्हावे म्हणून सतत काही धाडीत राहील, त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास! आम्ही बोईसरकर गैरसोयीच्या बाबतीत तज्ज्ञ गणले जातो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीवरून वारा आमच्याकडे फिरला की मध्यरात्री अख्खी आळी उठून खिडक्या लावते आणि सकाळी शेजारचे अप्पा गच्चीवर वाळत घातलेले धोतर हुंगून आज कोणते रसायन आले असावे याचे निदान करतात. हा मजकूर अत्यंत आक्षेपार्ह असतो, तो सतत येत असतो आणि त्याने चीड येते. परंतु चिमणी ही संगणकावर चालत नसल्याने व धुरास अंगठा नसल्याने कलम कधी लागू झाले नाही.

आता राज्यघटनेकडे वळावे. अनुच्छेद १९(१)(क) नागरिकास भाषणाचे व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो, आणि १९(२) सरकारला त्यावर वाजवी निर्बंध घालू देतो, मात्र मोजक्याच कारणांसाठी; त्या यादीत राज्याची सुरक्षितता आहे, सार्वजनिक सुव्यवस्था आहे, अब्रुनुकसानी आहे, पण ‘चीड’ नाही. घटनाकारांना चीड ठाऊक नव्हती असे नव्हे. संविधान सभेत ती पुष्कळ होती. श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने पालघरच्या प्रकारानंतर केलेल्या याचिकेवर न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांनी नेमके यावरच बोट ठेवले आणि २४ मार्च २०१५ रोजी ६६ अ समूळ रद्द केले. कलमाचा दुरुपयोग होणार नाही अशी हमी सरकारतर्फे देण्यात आली होती. तीवर न्यायालयाने, सरकारे येतील आणि जातील पण कलम कायमचे राहील, या अर्थाचे उत्तर दिले.

हे उत्तर किती द्रष्टेपणाचे होते ते पुढे कळले, कारण कलम रद्द झाल्यावरही राहिले. सातबाऱ्यावरचा मयत इसम जसा वारसनोंद व फेरफार होईपर्यंत तलाठ्याच्या लेखी जिवंत असतो आणि प्रसंगी शेतसाराही भरतो, तसे हे मयत कलम ठाण्याठाण्यांतून गुन्हे नोंदवीत राहिले. पीयूसीएल या संघटनेने २०२१ साली सर्वोच्च न्यायालयास दाखवून दिले की, त्या मार्चमध्ये अकरा राज्यांच्या जिल्हा न्यायालयांत याच कलमाखालची ७४५ प्रकरणे चालू होती. महान्यायवादींनी खुलासा केला तो असा की, छापील पुस्तकात कलम तसेच आहे, ते रद्द झाल्याचे तळटिपेत दिले आहे, आणि फौजदार कलम वाचतो, तळटीप वाचत नाही. योगायोग असा की हा खुलासा ऐकण्यास ज्यांनी निकाल लिहिला ते नरिमनच बसले होते. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये असा हुकूम पुन्हा काढावा लागला. मयताचा दुसऱ्यांदा मृत्यूचा दाखला निघाल्याचे उदाहरण आमच्या तहसील कचेरीतही मला ठाऊक नाही.

ज्या पालघरात अंगठ्यापायी अटक झाली, त्याच पालघरात हुतात्मा चौकही आहे; १४ ऑगस्ट १९४२ रोजी येथे गोळीबार झाला आणि पाच जण पडले. आमचे अप्पा तेथून जाताना अजूनही टोपी काढतात.

परवा बोईसर स्थानकावर डहाणू लोकलची वाट पाहत असताना त्यांच्या भ्रमणध्वनीवर कोणीतरी सरकारच्या एका खात्यावरचे व्यंगचित्र धाडले. अप्पा खुदकन हसले, अंगठ्याच्या चिन्हापर्यंत त्यांचे बोट गेले, थबकले. त्यांनी डावीकडे पाहिले, फलाटावरच्या हवालदाराकडे पाहिले, आणि मग विचारपूर्वक जोडलेल्या हातांचे चिन्ह धाडून दिले. ‘‘हे बरं,’’ ते मला म्हणाले, ‘‘यात दोन्ही अंगठे गुंतलेले असतात.’’