एस्केप कीच्या निमित्ताने

जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या ऑफिसात माझ्या टेबलाशी येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "भाईसाब, माऊस कहाँ है?" माऊस खणात आहे. मी विम या टेक्स्ट एडिटरमध्ये काम करतो आणि तिथे तो लागत नाही. पण तेवढं सांगून भागत नाही. विचारणारा स्क्रीनवर बोट टेकवून "यहाँ क्लिक करो" म्हणतो आणि प्याज-कचोरीचं तेल तिथेच ठेवून जातो.

बिल जॉय यांनी १९७६ साली व्हीआय हा एडिटर लिहिला तेव्हा त्यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण छापलेले होते ते एच, जे, के, एल या कळांवर, म्हणून कर्सरही त्यांनीच हलतो. लिहिणं थांबवून आज्ञांकडे परतण्याची कळ एस्केप, ती होती आजच्या टॅबच्या जागी, करंगळीच्या टप्प्यात. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये विम बाहेर आणला, तोही याच वळणाचा. अवतरणातला मजकूर बदलायचा तर सी, आय आणि अवतरणचिन्ह दाबायचं; जुना मजकूर जातो, नवा टाइप करता येतो. पुढे तोच बदल हवा असेल तर नुसता पूर्णविराम पुरतो. हात कळांवरून उठत नाहीत, त्यामुळे हातातला विचार सुटत नाही. मला हा एडिटर आवडतो तो यासाठी.

आता एस्केप कोपऱ्यात गेली आहे. म्हणून मी कॅप्स लॉकलाच एस्केपचं काम दिलं. रजेवरून परत आलो, तर कुणीतरी 'बिघडलेली की' दुरुस्त करून ठेवली होती. न विचारता.

याहून मोठा त्रास मराठी लिहिताना होतो. इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड चालू असताना खाली जायला जे दाबावं तर 'र' उमटतो, वर जायला के दाबावं तर 'क'. विमला ही अक्षरं आज्ञा म्हणून कळत नाहीत. कर्सर हलत नाही. मग भाषा बदला, ओळ बदला, पुन्हा भाषा बदला. वास्तविक विममध्येच कीमॅपची सोय आहे: लिहिताना देवनागरी, एस्केप दाबताच आज्ञांसाठी रोमन. पण शिकवणारे सगळे धडे इंग्रजी मजकुरावर घेतात आणि ही गोष्ट सांगतच नाहीत. मुलं वैतागून एडिटर सोडतात, त्याचं वाईट वाटतं.

तेव्हा ज्याला माऊस हवा त्याने तो खुशाल वापरावा. दुसऱ्याच्या कळा मात्र बदलू नयेत. आणि आपल्याकडच्या मुलांना विम शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी कीमॅप लावून द्यावा.