सोळावाले सर

वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, एखाद्या घराच्या मागच्या अंगणात वेगळ्या दाराची पत्र्याची खोली असतेच, आणि तिच्यात एक सर राहत असतात. नांदुऱ्यात तर स्टेशनापासून हायवेपर्यंत अशा सरांची रांग लागेल. कुणी नांदेडकडचा, कुणी पार गडहिंग्लजचा. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर यादी लागली आणि ज्या तालुक्याचं नाव कधी कानावर पडलं नव्हतं, तिथे ही पोरं बॅगा घेऊन उतरली. आमच्या शेजारच्या काकूंच्या खोलीत आले ते बार्शीकडचे. गल्ली त्यांना ‘सोळावाले सर’ म्हणते, पाठीमागे, अर्थात.

सर प्राथमिकचे शिक्षणसेवक आहेत. म्हणजे मास्तरकी पूर्ण, पगार तीन वर्षांनी. तोवर महिना १६,०००. त्यांच्यासमोर कुणी ‘पगार’ म्हटलं की ते नम्रपणे दुरुस्ती करतात, “मानधन.” एकट्या जिवाला १६,००० पुरतात का, हा प्रश्न गल्लीतला प्रत्येक जण त्यांना विचारून झाला आहे. सरांचं उत्तर ठरलेलं असतं: “बसवायचं असतंय.”

हे बसवणं पाहण्यासारखं असतं. १६,००० ला ३० ने भागून त्यांनी दिवस काढला आहे, ५३३ रुपयांचा, आणि जगातली प्रत्येक वस्तू ते याच मापाने मोजतात. शर्ट दीड दिवसाचा. मोटारसायकलचा टायर जवळजवळ चार दिवसांचा. मित्राच्या लग्नाला बार्शीला जाऊन येणं म्हणजे आठवडा गेला. एकतीस दिवसांच्या महिन्यांवर त्यांचा राग आहे. फेब्रुवारीवर मात्र जीव; अठ्ठावीस दिवसांत तेवढंच मानधन! पण सरकारलाही फेब्रुवारीचं हे सुख ठाऊक असावं. व्यवसाय कर एरवी महिन्याला २००, तो नेमका फेब्रुवारीत ३००. त्यातून शाळेतल्या मॅडमचं मानधन तेवढंच, पण २५,००० पर्यंत बायकांना हा कर माफ. सरांनी त्यावर तोडगा काढला आहे. महिन्याचा पहिला चहा मॅडमनीच पाजायचा. त्याला ते ‘कराचा चहा’ म्हणतात.

डबा महिन्याने लावलेला आहे आणि रविवारी संध्याकाळी तो बंद असतो. योगायोग असा, की सरांची भक्तीही नेमकी रविवारी दुपारीच दाटून येते. पॅसेंजर पकडायची, जलंब मागे टाकून शेगावला उतरायचं, गजानन महाराजांचं दर्शन घ्यायचं आणि संस्थानचा महाप्रसाद पोटभर घ्यायचा. बाहेर आल्यावर कचोरीच्या दुकानासमोर त्यांची खरी परीक्षा असते. कधी पास होतात, कधी नाही.

गावाकडून पाहुणे आले की बेत ठरलेला. हायवेवरचा १०५ फुटी हनुमान दाखवायचा. “एकशेपाच फूट,” सर अशा सुरात सांगतात की मूर्ती जणू त्यांच्याच मानधनातून उभी राहिली. चारी बाजूंनी फोटो काढायचे, मग कटिंग. पाहुणा खूश, दिवस शाबूत.

जुन्या मास्तरांना मात्र या सोळाचं कौतुक नाही. गल्लीत एक आहेत, शिक्षणसेवकांची योजना निघाली तेव्हाच्या पहिल्या खेपेचे. “आमी तीन हजारात काढले बाप्पा!” असं ते आपल्या पांढऱ्या गाडीला टेकून सांगतात. २००० साली मानधन खरंच ३,००० होतं. पुढे ते ६,००० झालं आणि बरीच वर्षं तिथेच बसून राहिलं. १ जानेवारी २०२३ पासून १६,०००. सर सगळं ऐकून घेतात आणि हळूच विचारतात, “तेव्हा पेट्रोल काय भाव होतं, सर?” गाडीला टेकलेले मास्तर तिथून पुढे पावसापाण्याचं बोलतात.

सरांकडे एक डायरी आहे. खोलीभाडं, डबा, पेट्रोल, रिचार्ज, सगळ्यांचे रकाने. शाळेचं गाव पूर्णेकडच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं, म्हणून गाडीला पाण्याचा कॅन बांधलेला. त्या कॅनचीसुद्धा नोंद आहे. इथवरची बेरीज केली तर मानधनातून चांगले पैसे उरतात. एकटा माणूस आरामात बसतो. पण शेवटी एक रकाना आहे, ‘किरकोळ’. सगळ्यात मोठा आकडा त्याच्याखाली असतो. आईच्या गोळ्या किरकोळ. बहिणीची फी किरकोळ. बापाने मोटरीसाठी सोसायटीचं कर्ज काढलंय, त्याचा हप्ता किरकोळ. चौथीतल्या एका पोराची चप्पल, तीही किरकोळच.

काकू मधूनच वाटीभर भाजी आणून देतात. आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत, म्हणून सर तीत साखर घालून देतात आणि डायरीत लिहितात: ‘साखर, १ वाटी.’ काकूंना हे कळलं तेव्हा त्या भडकल्या. “सर, काऊन असं करता? मी का साखरीसाठी भाजी देतो तुमाले?” त्यानंतर त्या भाजी पानावर वाढून आणतात.

मानधन कधी पाच तारखेला येतं, कधी वीसला. तेवढे दिवस किराणावाल्याच्या वहीत सरांचं पान वाढत जातं. काकू भाड्याबद्दल तोंडही उघडत नाहीत. सर मात्र त्या दिवसांत मागच्या दाराने ये-जा करतात. त्या खोलीला एकच दार आहे हे लक्षात घेतलं तर ही मोठीच कसरत म्हणायची. ते भिंतीवरून उडी मारतात.

परवा सर ओट्यावर बसून नव्या पानावर हिशेब मांडत होते. तीन वर्षं भरायला अजून अवकाश आहे, पण नियमित झाल्यावर मूळ पगार २९,२००, वर महागाई भत्ता वेगळा. भत्ता सरांनी धरलाच नव्हता. हाती पडल्याशिवाय धरायचा नाही, हा नियम. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, बहिणीचं लग्न, घरावर स्लॅब, एक छोटा फ्रिज, काकूंना साडी. त्यांनी बेरीज केली, पुन्हा केली, मग पेन कानाला लावलं.

“काय झालं सर?”

“अकराशे कमी पडायलेत.”

“अजून पगार सुरू व्हायचाय ना?”

“व्हायचाय की. पण आत्तापासनंच बसंना झालाय.”

आतून काकूंचा आवाज आला, “माही साडी काटा अन् जेवाले या.”