मोजणीचे भाऊसाहेब

भाऊसाहेब गावात पोचायच्या आदल्या दिवशी त्यांचा शिपाई पोचतो. भाऊसाहेबांना काय लागतं हे तो कधी सांगत नाही. काय चालत नाही तेवढं सांगतो. नवा तांदूळ बाधतो. म्हशीचं तूप सोसत नाही. चावडीत ढेकणांमुळे डोळ्याला डोळा लागत नाही. पाटील काय ते समजतो. दिवेलागणीपर्यंत जुना आंबेमोहोर, गाईचं तूप आणि कुणाच्या तरी वाड्यातली हवेशीर माडी तयार असते, आणि भाऊसाहेबांनी मात्र आयुष्यात कुणापाशी काही मागितलेलं नसतं.

हे भाऊसाहेब कंपनी सरकारच्या मोजणीखात्यातले कारकून. नाशिक तेव्हा जिल्हाही नव्हता. नगरच्या कलेक्टराखाली होता, स्वतंत्र जिल्हा व्हायला १८६९ उजाडलं. पण त्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधी सिन्नर-चांदवडच्या सपाटीवर मोजणीची साखळी फिरू लागली होती. साखळी तेहेतीस फुटांची, तिचे भाग सोळा, आणि एकेका भागाला म्हणायचं आणा. तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद म्हणजे गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतकऱ्याला हे गणित पाठ व्हायला फार दिवस लागले नाहीत, कारण त्याच्या आत दडलेली खरी गोष्ट त्याने पहिल्याच दिवशी पाहिली. साखळी ताणून धरली तर शेत जेवढ्यास तेवढं भरतं. मधे पोटात ढिली सोडली तर त्याच बांधापासून त्याच बांधापर्यंत दोन आणे जास्त भरतात, आणि सारा वाढतो. भाऊसाहेबांचा उजवा हात हे त्या काळातलं सगळ्यात महाग मोजमापाचं साधन होतं.

साखळीचं दुसरं टोक गावच्या महाराच्या हाती. गावाची शीव, बांध, खुणा त्यालाच ठाऊक. वाद झाला की शब्द त्याचा मानायचा. पण वरकमाईच्या वाटणीतल्या सोळा आण्यांत त्याचं खातं नव्हतं. उन्हात उभं राहायचं ते वतनापोटी.

भाऊसाहेबांच्या आधीची मोजणी आपटली होती, ती कथा त्यांनी ऐकलेली असते आणि ते ती गालातल्या गालात हसत सांगतात. पुण्याकडे प्रिंगलसाहेब आला. हेलिबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकलेला, अर्थशास्त्रात हुशार. प्रत्येक शेताचं उत्पन्न किती, खर्च किती, वजा जाता निव्वळ काय राहतं, ते काढायचं आणि त्यातला ठरीव हिस्सा सरकारचा. कागदावर इतकं सुंदर की शंका घ्यायला जागा नाही. फक्त ते कागद भरणारे हात भाऊसाहेबांच्या जातकुळीचे होते. सारा असा बसला की लोक जमिनी टाकून निघाले. माझं मत विचाराल तर प्रिंगलला रिकार्डोचं अर्थशास्त्र कळलं होतं, कारकून कळला नव्हता. पुढे १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट हे साहेब इंदापुरात बसले, त्यांनी उत्पन्नाचा नाद सोडला आणि जमिनीची प्रत लावायचं ठरवलं. १८४७ च्या जॉइंट रिपोर्टात ती पद्धत पक्की झाली. एका बैलजोडीला झेपेल एवढा सर्व्हे नंबर, म्हणजे हलक्या जमिनीत वीस एकर, भारी जमिनीत बारा. बैलाची कुवत त्यांनी बरोबर ताडली. भाऊसाहेबांची भूक किती, याचं कोष्टक रिपोर्टात नाही.

प्रतबंदी हा भाऊसाहेबांचा खरा प्रांत. शेताचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात पहारीने खड्डा घ्यायचा, माती किती हात खोल आहे ते बघायचं. पावणेदोन हात खोल, निर्मळ काळी जमीन म्हणजे सोळा आणे. तिथून खाली उतरत जायचं. शिवाय दोष: चुनखडी असेल, वाळसर असेल, पाण्याने धुपत असेल, उपळत असेल, तर एकेका दोषाला एकेक प्रत खाली. आता निफाडच्या काळ्याभोर रानात उभे राहून हा संवाद ऐका.

"पाटील, जमीन काळी दिसते."

"दिसती काळी, भाऊसाहेब. पण आत चुनखड हाय."

"किती?"

"तुम्ही म्हणाल तितकी."

भाऊसाहेब पहारीकडे बघत नाहीत, आभाळाकडे बघतात. तोंडाने हिशेब चालू असतो. सोळा आण्यांवरून चौदा आण्यांवर आलं की दहा रुपये साऱ्याला सव्वा रुपया कमी. साऱ्याचा बंदोबस्त तीस वर्षांचा. म्हणजे एका चुनखडीचे साडेसदतीस रुपये. "पाटील, तीस वर्षांपैकी पहिल्या दोन वर्षांचं आमच्या गंगीच्या लग्नाला. पुढची अठ्ठावीस तुमच्या नातवंडांना." अडीच रुपये. इतक्या वाजवी दरात सरकारने तरी कधी काही दिलं असेल का?

हे अडीच रुपये भाऊसाहेब एकटे खात नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. वाटणी आणेवारीने होते. आठ आणे स्वतःचे, पाच हेडकारकुनाचे, दोन शिपायाचे, एक निशाणवाल्याचा. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही, उधारी नाही. दिवाळीची पोस्त निराळी. ती या हिशेबात धरायची नाही, कारण ती प्रेमाची. आणि शिमग्याला काही आलंच तर ते परंपरेचं. सरकारी कागदावर मोजणीत एक-दोन गुंठ्यांची चूक निघेल, पण या वाटणीत पैची चूक निघाल्याचं कुणी ऐकलं नाही.

साहेब असतो ना वर? असतो. तो स्वतः काही नंबर पुन्हा मोजून पाहतो, तपासणीच आहे तशी. मात्र साहेबाने कोणता नंबर तपासावा, हे ऊन ठरवतं. भाऊसाहेब त्याला ज्या नंबरात नेतात तिथे विहीर असते, विहिरीवर आंबा असतो, आंब्याखाली खुर्ची आधीच पोचलेली असते. त्या नंबराची साखळी अशी ताणलेली की सतारीसारखी वाजावी. साहेब खूश होऊन शेरा मारतो. गावाकडून फुकट काही घ्यायचं नाही हा हुकूमही भाऊसाहेब मोडत नाहीत. कोंबडी साहेबाच्या डेऱ्याकडे, तूप आपल्याकडे. पण दोन्हींची किंमत विचारल्याशिवाय घेत नाहीत. पाटील म्हणतो, "किंमत कसली, भाऊसाहेब!" झालं. किंमत विचारली, असं रोजनिशीत लिहिलं जातं.

या कलेची मुळं इंग्रजाने आणली नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. १८१९ साली कंपनीच्या एल्फिन्स्टनसाहेबाने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात पेशवाईतल्या दरबारखर्चाची हकिगत आहे. हिशेब तपासणाऱ्यांचं आणि वरच्या मंडळींचं तोंड गोड ठेवायला मामलेदार गावावर गुपचूप पट्टी बसवत. हळूहळू ती ठरावीक झाली, बाकीच्या खर्चासारखी हिशेबात धरली जाऊ लागली, तिची तपासणीही होऊ लागली. म्हणजे लाचेची फी झाली. पण लाच तर लागणारच होती! म्हणून तिच्यावर आणखी एक पट्टी. आणि नाजूक बाब म्हणून तिच्यात कुणी फार खोल बघत नसे, तेव्हा मामलेदार वरच्यांना देण्यापेक्षा स्वतःसाठीच जास्त गोळा करी. एल्फिन्स्टनने हे लिहिलं तेव्हा भाऊसाहेबांचे आजोबा कुठल्यातरी फडात कान टवकारून बसले असणार.

पाऊस लागला की डेरे उठतात. चार महिने भाऊसाहेब नाशकात, पंचवटीतल्या वाड्यात. नकाशे रंगवायचे, क्षेत्रफळं काढायची, पहाटे रामकुंडावर स्नान. आमदनी बंद पडेल असं वाटेल तुम्हाला. उलट. श्रावणात शेतकरी गोदेवर तीर्थाला येतो, आपल्या उपाध्यायाच्या वहीत आजोबांचं नाव शोधतो, दक्षिणा ठेवतो. आला आहेच तर जाता जाता भाऊसाहेबांच्या वहीत आजोबांचं शेतही बघून जावं. दोन्ही वह्या दक्षिणेशिवाय उघडत नाहीत. फरक इतकाच, की उपाध्याय एक नारळ देतो.

भाऊसाहेबांना भीती एकाच गोष्टीची: इगतपुरीकडच्या डांगात बदली. तिथे माती बरड, माणूस उघडा, पाऊस अतोनात, नागलीच्या भाकरीला लावायला तूप नाही. तिथे जमिनीला एकही दोष लिहावा लागत नाही. जमीनच दोष असते. अशा मुलखात प्रामाणिकपणा फुकट सांभाळावा लागतो, आणि भाऊसाहेब तापाची रजा टाकतात.

जोतीराव फुल्यांनी हे सारं पाहिलं होतं. १८८३ च्या शेतकऱ्याच्या असूडात त्यांनी कारकून, कुलकर्णी आणि आरामखुर्चीतला गोरा साहेब या तिघांना एकाच फटक्यात घेतलं. ते वाचून भाऊसाहेबांना राग येत नाही. त्यांना वाईट वाटतं, की आपल्याबरोबर साहेबाचंही नाव आलं. साहेबाला बिचाऱ्याला वाटणीतलं काही मिळत नव्हतं.

तीस वर्षांनी बंदोबस्ताची फेरतपासणी आली. तोवर भाऊसाहेबांचा मुलगा खात्याला लागलेला. वडिलांनी लिहिलेली चुनखडी त्याला सापडेना. "पाटील, जमीन फार सुधारली हो तुमची." पाटलाचा मुलगा म्हणाला, "भाऊसाहेब, नीट खणा, असंल." आणि खणल्यावर निघाली.

पुढे सरकार बदललं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि आण्याची सद्दी संपली. मोजणीच्या जुन्या टिपणांत मात्र तो अजून बसून आहे, आणि हद्द कायम करायची झाली की आजही तो वाचावा लागतो. साखळी जाऊन टोटल स्टेशन आलं, मग उपग्रहाशी बोलणारं रोव्हर आलं. रोव्हर ढिलं धरता येत नाही, ही भाऊसाहेबांच्या पणतवंडांची घरगुती तक्रार. मोजणी लवकर हवी तर जास्त फी, असं सरकारनेच छापलं: आधी साधी, तातडी, अतितातडी, आता नियमित आणि द्रुतगती. एल्फिन्स्टन असता तर त्याने पुढचं वाक्य आपोआप लिहिलं असतं.

खरी उलथापालथ वेगळीच झाली. शंभर-दीडशे वर्षं भाऊसाहेबांनी जमीन कमी करून, हलकी करून दिली. तोच त्यांचा मान होता. मग सिन्नर-इगतपुरीतून समृद्धी महामार्गाची आखणी गेली, संयुक्त मोजणीला खात्याखात्यांची माणसं बांधावर आली, आणि शेतकऱ्याला सारा नव्हे, मोबदला दिसू लागला. ज्याच्या खापरपणजोबाने काळ्या रानात चुनखडी लिहून घेतली, तोच आता माळाला बागायत म्हणा म्हणतो. झाडं मोजा म्हणतो, पाइपलाइन धरा म्हणतो. भाऊसाहेब पहिल्यांदाच गोंधळले. पिढ्यान्‌पिढ्या वजाबाकीचा सराव. बेरीज करायची हाताला सवय नाही.

"इथे विहीर लिहायची म्हणता. आहे कुठे विहीर?"

"ते काय भाऊसाहेब, बांधाच्या अल्याड."

"अहो, हा तर नुसता खड्डा! हातभरसुद्धा खोल नाही. पाणी कुठंय?"

"मोबदला जमा झाला की लागंल ना पाणी."