आमच्या कॅसेटीत असं नाही

'इंडियन ओशन'ची मैफल माझ्या पत्रिकेतच नव्हती. बँड पुण्यात आला की मी नेमका गावाला. बँड मुंबईत आला की सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. एकदा तर तिकीट खिशात असताना ऐन संध्याकाळी चुलतभावाचं केळवण निघालं. रॉक ऐकणं ही बंडखोरी असते म्हणतात, म्हणोत बापडे. केळवण चुकवून दाखवा, मग बोलू.

दिल्लीचा हा बँड १९९० सालचा. गिटारला तबल्याची सोबत, म्हणजे घरच्यांनी निम्मा तरी मान्य करावा असा. २००० साली त्यांचा 'कंदिसा' आला आणि त्याची कॅसेट मी अक्षरशः झिजवली. शीर्षकगीत म्हणजे केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांची अरामाइक भाषेतली जुनी प्रार्थना. या भाषेत मला प्यायला पाणी मागता येणार नाही. अथर्वशीर्षात मी अजून दोन ठिकाणी अडखळतो, 'कंदिसा' मात्र झोपेतून उठवलं तरी म्हणेन. बास गिटार वाजवणारे राहुल राम विषशास्त्रात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन परतले आणि नर्मदा बचाव आंदोलनात गेले. 'मा रेवा' हे बँडचं गाणं त्या खोऱ्यातलंच. ही सगळी माहिती मी मोठ्या आशेने वडिलांना पुरवली होती. त्यांनी पेपर खाली न घेता एवढंच विचारलं, "आणि मग गिटार?"

अखेर या हिवाळ्यात भाचीने परस्पर तिकिटं काढली. "मामा, आता कुणाचं लग्न असलं तरी सांगू नकोस," असा दमही दिला.

मैदानाच्या फाटकावर मनगटाला कागदी पट्टा बांधला गेला आणि झडती सुरू झाली. पाण्याची बाटली गेली. मग बायकोच्या पर्समधून लेबल नसलेली एक छोटी बाटली निघाली, आत मातकट पावडर. रखवालदाराचा चेहरा गंभीर झाला. रॉकच्या कार्यक्रमाला पावडर घेऊन येणारे त्याला नवे नसावेत, पण त्यांच्यात नऊवारीचा खण शिवून केलेली पर्स घेऊन कुणी येत नसावं. त्याने टोपण काढलं, वास घेतला आणि दोन पावलं मागे सरला. "हिंग्वाष्टक आहे," बायको म्हणाली. "भाताबरोबर घ्यायचं." त्याने बाटली तर सोडलीच, शिवाय आमच्यामागच्या दोघांनाही न तपासता आत सोडलं.

आत खुर्च्या नव्हत्या. पन्नाशीतली मंडळी कुंपणाच्या पाइपाशी जागा धरून उभी होती; टेकायला मिळालेली ती वीतभर जागा कुणी जीव गेला तरी सोडत नव्हतं.

खरं सांगायचं तर मी परीक्षकाच्या थाटात गेलो होतो. तबला वाजवत गाणारे असीम चक्रवर्ती २००९ च्या डिसेंबरात गेले. गिटारवाले सुस्मित सेन २०१३ मध्ये बँडमधून बाहेर पडले. आता गायला हिमांशु जोशी, तबल्यावर तुहिन चक्रवर्ती, गिटारवर निखिल राव. पहिली दोन गाणी मी मनातल्या मनात गुण कापत ऐकली. मग ड्रम वाजवणाऱ्या अमित किलम यांनी गबगुबी काढली. ही आपल्या चौंडक्याची बंगाली बहीण: काखेत धरायची आणि तार ताणत छेडायची. तिचा तो गुरगुरता, ताणला जाणारा आवाज थेट पोटात शिरला आणि माझी गुणपत्रिका कुठे गेली ते कळलं नाही. 'बंदे' सुरू झालं तेव्हा पुढची पोरं बेंबीच्या देठापासून गात होती. हे गाणं ज्यात आहे तो 'ब्लॅक फ्रायडे' सिनेमा खटल्यापायी अडकून २००७ मध्ये प्रदर्शित झाला; तेव्हा यातली निम्मी पोरं रांगत असतील.

आणि मग 'कंदिसा'. इथे एक खुलासा केला पाहिजे. माझ्या कॅसेटची टेप एकदा प्लेअरने गिळली होती. पेन्सिल घालून मी ती परत गुंडाळली, पण चुरगळली ती चुरगळलीच. तेव्हापासून एका ठिकाणी आवाज पाण्यात बुडी मारल्यासारखा खाली जातो आणि वर येतो. ती बुडी ऐकून ऐकून मला गाण्याचाच भाग वाटू लागली होती. किंबहुना माझ्या मते ती गाण्यातली सर्वांत भावपूर्ण जागा.

स्टेजवरचं गाणं त्या जागेशी आलं. मी डोळे मिटले. बँड सरळ पुढे निघून गेला, सपाट, स्वच्छ, सुरात! माझी अगदी निराशा झाली. पण माझ्या डाव्या कानाशी ती बुडी नेमक्या जागी लागली. इतकी वर्षं 'हे तुमचं रडगाणं बंद करा' म्हणणारी बायको डोळे मिटून गात होती आणि आवाज खाली नेऊन वर आणत होती. पुढच्या वळणाला मग मीही तिच्या जोडीने बुडी मारली.

पुढचा पोरगा वळून आमच्याकडे पाहायला लागला. त्याचा कळवळलेला चेहरा पाहून बायकोने गाणं न थांबवता पर्स उघडली आणि हिंग्वाष्टकाची बाटली त्याच्यापुढे धरली.