शटर काउंट किती?

आप्पांना कॅमेरा घ्यायचा आहे. हे वाक्य जळगावात 2008 सालापासून वर्तमानकाळात उभं आहे. त्याचा कधी भूतकाळ होईल असं आता त्यांच्या घरीही कुणाला वाटत नाही. असे आप्पा तुमच्याही ओळखीत असणारच. तुमचे कदाचित फ्रीज घेत असतील, प्लॉट घेत असतील, पोरासाठी स्थळ बघत असतील. आमचे कॅमेरा घेतात. म्हणजे घेत नाहीत.

दोष आप्पांचा नाही, ऑगस्ट महिन्याचा आहे. 2008 च्या ऑगस्टमध्ये निकॉननं डी90 जाहीर केला आणि त्याच महिन्यात कॅननने 50डी. जगातल्या बाकी लोकांनी यातला एक घेतला आणि ते फोटो काढायला निघून गेले. आप्पांनी दोनशे पानी वही आणली आणि पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे निकॉन, उजवीकडे कॅनन. डावा 12.3 मेगापिक्सेलचा, उजवा 15.1 चा. डावा सेकंदाला साडेचार फोटो काढतो, उजवा 6.3. डावा व्हिडिओही काढतो, आणि व्हिडिओ काढणारा तो जगातला पहिला डीएसएलआर. उजव्याला ते जमत नाही. पण उजव्याचं अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आणि डाव्याचं प्लॅस्टिकचं. त्यामुळे उजवा 730 ग्रॅम भरतो आणि डावा 620.

"एकशे दहा ग्रॅमचा फरक आहे," आप्पा सांगतात, "दिवसभर गळ्यात वागवायचा म्हणजे गंमत नाही." हे सांगणारा माणूस पाच किलोची केळीची फणी हातात धरून बोलत असतो.

तेव्हा दोन्ही नवे होते आणि महाग होते, म्हणून आप्पा थांबले. 2010 मध्ये त्यांच्या जागी 60डी आणि डी7000 आले. आप्पा म्हणाले, आता जुने उतरतील. ते उतरले. आप्पा म्हणाले, अजून उतरतील. अजून उतरले. 2018 मध्ये दोन्ही कंपन्यांनी आरसा काढून टाकलेले नवे फुल-फ्रेम कॅमेरे आणले आणि आरशाच्या कॅमेऱ्यांचा बाजार बसला. आप्पांना आपण शेअर बाजार जिंकल्यासारखा आनंद झाला. वहिनींना झाला नाही. त्यांचं माहेर सराफ बाजाराजवळचं. 2008 मध्ये तोळा बारा-तेरा हजारांच्या घरात होता, 2025 मध्ये तो लाखाच्या पुढे गेला. "ते पैसे तेव्हा माझ्या हातात दिले असते," त्या म्हणतात, "तर आज याच घरात दोन्ही कॅमेरे असते आणि वर पाटल्याही."

"सोन्याला शटर नसतं," आप्पा म्हणतात, "म्हणून ते निर्धास्त घेता येतं."

इथे शटरचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर चाललं आहे. डीएसएलआरमध्ये प्रत्येक फोटोला एक पडदा उघडतो आणि मिटतो. तो किती वेळा उघडमीट करेल याचा कंपन्यांनी अंदाज दिलेला असतो, आणि या दोघांसाठी तो एक लाखाचा आहे. जुना कॅमेरा घेताना विचारायचं ते हेच, की याचे किती झाले? निकॉन हा आकडा काढलेल्या प्रत्येक फोटोच्या पोटात लिहून ठेवतो. फोटो संगणकावर टाकला की कळतो. कॅनन 50डी तो आकडा फोटोत लिहीत नाही. त्याला वायर जोडून सॉफ्टवेअर लावून बोलतं करावं लागतं. एक सासरचं सगळं सांगणारा आणि एक तोंडाला कुलूप लावून बसलेला, असे हे दोन गडी. आप्पांना ज्या दिवशी हे कळलं, त्या दिवसापासून त्यांनी माणसांनाही तोच प्रश्न विचारायला सुरुवात केली.

थंडीत असोद्याकडच्या एका शेतात भरीत पार्टी होती. काड्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली होती, ती ठेचणं चाललं होतं, कळण्याच्या भाकरी उतरत होत्या. आप्पा ठेचणाऱ्या म्हाताऱ्यापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी विचारलं, "बाबा, या बडगीचं शटर काउंट किती?" म्हातारा म्हणाला, "भो, वांगं गरम आहे तवर खाय."

एसटीत बसले की ड्रायव्हरला विचारतात, गाडी किती लाख किलोमीटर झाली. ड्रायव्हर खरं सांगतो आणि आप्पांचा पुढचा सगळा प्रवास काळजीत जातो. मेव्हण्याच्या अँजिओप्लास्टीच्या आदल्या दिवशी त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांनाच गाठलं. "डॉक्टरसाहेब, तुमचं शटर काउंट?" आम्ही सगळे भिंतीकडे बघू लागलो. पण डॉक्टरांना फोटोग्राफीचा नाद निघाला. त्यांनी आपला आकडा सांगितला, तो चार हजारांच्या वर होता, आणि मग आप्पांना विचारलं, "डी90 चा सेन्सर डी300 मधल्यासारखाच ना?" अँजिओप्लास्टी व्यवस्थित झाली. आप्पा अजून सांगतात की हा प्रश्न प्रत्येक नातेवाइकानं विचारायला हवा, आणि खरं सांगायचं तर यात मला काही खोट सापडत नाही.

महापालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार दारोदार हात जोडत आले. या गृहस्थांनी किती पक्षांची दारं उघडली-मिटली हे गल्लीला ठाऊक होतं. आप्पांनी नम्रपणे विचारलं, "साहेब, शटर काउंट किती?" उमेदवार क्षणभरही अडखळले नाहीत. "काळजी करू नका आप्पा, गाळेधारकांचा प्रश्न पहिल्याच सभेत घेतो."

आता भूगोल. आप्पांच्या मनातला निकॉन जळगावात आहे, गोलाणी मार्केटजवळ एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे. त्यांच्या मनातला कॅनन आहे धुळ्याला, आग्रा रोडलगतच्या गल्लीत, एका स्टुडिओत. इंग्रजांनी 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, पूर्वेचं ठाणं जळगाव आणि पश्चिमेचं धुळे. तेव्हापासून ही दोन गावं एकमेकांकडे तिरकं बघत आली आहेत. आप्पांनी या जुन्या वादात दोन कॅमेरे घातले. जळगावचा कॅमेरा बघितला की त्यांना धुळ्याचा आठवतो. मग एरंडोल, पारोळा करत एसटीनं धुळे गाठायचं, तिथला कॅमेरा हातात घ्यायचा, डोळ्याला लावायचा आणि म्हणायचं, "जळगावचं ग्रिप जास्त बसतं." धुळं त्यांना मनापासून आवडतं, कारण तिथल्या गल्ल्यांना नंबर आहेत. जळगावच्या गल्ल्यांची तुलना करता येत नाही, ही त्यांची जुनी तक्रार आहे.

जळगावचा फोटोग्राफर "घ्या ना भो आता" म्हणून थकला. धुळ्याच्या स्टुडिओवाल्यानं एकदा सरळ विचारलं, "आप्पा, लेवानं शे का नुसतं देखानं शे?" आप्पांनी वायर मागितली. आकडा बघितला. मागच्या वेळेपेक्षा तो वाढला होता, आणि वाढलेले सगळे फोटो आप्पांनीच तपासणीसाठी काढलेले होते. "वापर फार आहे याचा," आप्पा म्हणाले आणि त्यांनी कॅमेरा परत दिला.

आमच्या भागात फोटोची परंपरा मोठी आहे, हे आप्पाच सांगतात. मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला आला, वर्षानुवर्षं तिथे राहिला, त्यानं लेण्यांचे फोटोही काढले आणि 1879 मध्ये भुसावळला पुरला गेला. चाळीसगावचे केकी मूस (1912–1989) स्टेशनजवळच्या आपल्या घरात अर्धं आयुष्य कोंडून राहिले, टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यातून अख्खे देखावे उभे करून फोटो काढत राहिले. रोज रात्री पंजाब मेलच्या वेळी कुणाची तरी वाट बघायचे, असं आजही सांगतात. आप्पा त्यांचं घर बघून आले आणि भारावून गेले. परतीच्या गाडीत मी म्हणालो, "आप्पा, मूस घराबाहेर न पडता एवढे फोटो काढून गेले. तुम्ही सारखे धुळ्याला जाता, फोटो कुठाय?" आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्यांच्या कॅमेऱ्याचं शटर काउंट कुणी मोजलं का पण?"

असा माणूस टाळावा असं मी अनेकदा ठरवलं. पण टाळता येत नाही, त्याचं कारण सांगणं मला जिवावर येतं. कारण असं की आप्पा फार कामाचे आहेत. गल्लीतल्या एका मुलीला कॉलेजात फोटोग्राफीचं वेड लागलं. घरी पैसे बेताचे. ती आप्पांकडे आली. आम्हाला वाटलं, पोरीची पंचविशी उलटणार. आप्पा तिला घेऊन बाजारात गेले. जुना कॅमेरा हातात घेतला, लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघितली, छिद्र बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला आणि सेन्सरवरचे धुळीचे डाग मोजले, बॅटरीच्या कप्प्याला नाक लावून गंज हुंगला, रबर दाबलं, आकडा विचारला, किंमत पाडली. अर्ध्या तासात कॅमेरा तिच्या गळ्यात. ती आता मेहरूण तलावावरच्या पक्ष्यांचे फोटो काढते आणि ते छापूनही येतात. जिल्ह्यातल्या कितीतरी लग्नांचे अल्बम आप्पांनी निवडलेल्या कॅमेऱ्यांतून निघाले आहेत. मी त्यांना विचारलं, तिचा अर्ध्या तासात कसा घेतलात?

"तिला फोटो काढायचे होते," आप्पा म्हणाले.

"आणि तुम्हाला?"

"मला घ्यायचा आहे."

एकदा धुळ्याच्या खेपेला आप्पांचे वडील, नाना, बरोबर होते. एकविरा देवीला जायचं म्हणून आले आणि वाटेत स्टुडिओत अडकले. स्टुलावर बसून राहिले. आप्पा कमी उजेडात 50डी कसा चालतो ते तपासत होते. आयएसओ 3200 वर त्यांनी समोर दिसलं त्याचा फोटो घेतला. समोर नाना होते. टोपी किंचित वाकडी, कपाळावर आठ्या. शटर पडताना ते म्हणत होते, "लेवानं व्हई ते ले, नही ते चाल घर."

नाना गेले तेव्हा हार घालायला घरात धड एक फोटो नव्हता. आधार कार्डावरचा ओळखू येईना. धुळ्याच्या स्टुडिओवाल्याला कळलं, त्यानं संगणकात शोधून तो तपासणीचा फोटो काढला, मोठा करून फ्रेम केला आणि जळगावला येणाऱ्या माणसाबरोबर पाठवला. आप्पांनी फ्रेम हातात घेतली, चष्मा वर केला आणि बराच वेळ बघितलं. "3200 ला दाणे येतात," ते म्हणाले. "मी म्हटलंच होतं."

पुढे त्यांची वही माझ्या हाताला लागली. मेगापिक्सेल, वेग, वजन, कार्ड, बॅटरी अशा सगळ्या ओळींच्या खाली एक नवी ओळ होती. बाबीच्या जागी 'नाना' असं लिहिलेलं. उजव्या रकान्यात बरोबरची खूण. डावा रकाना कोरा.

"मग आता 50डी घ्यायलाच हवा," मी म्हणालो.

"कसा घेणार?" आप्पा म्हणाले. "निकॉनला संधीच मिळाली नाही."

यापुढे या माणसावर रागवता येत नाही, आणि तीच मोठी पंचाईत आहे. कारण रागवायलाच हवं. दोन्ही कॅमेरे उत्तम होते. 2008 मध्ये ज्यानं ज्यानं त्यातला कुठलाही एक घेतला, त्याच्या घरी आज पोराची पहिली पावलं आहेत, आईच्या हातचे मांडे आहेत, पडलेला वाडा उभा असतानाचा आहे. त्यातल्या कुणालाही आपला कॅमेरा 4.5 चा होता की 6.3 चा हे आठवत नाही. आप्पांना दोन्ही पाठ आहेत.

तेव्हा तुम्हाला जुना डीएसएलआर घ्यायचा असेल तर जरूर जळगावला या आणि आप्पांना बरोबर न्या. टॉर्च त्यांच्या खिशात असते, वायर पिशवीत असते, आणि चहाचे पैसे ते तुम्हाला देऊ देत नाहीत. फक्त एक पथ्य पाळा. दुकानात एकच कॅमेरा बघायला मागा, पैसे टाका आणि निघा. दुकानदार दुसरा दाखवू लागला तर त्याला थांबवा, कारण दुसरा दिसला की आप्पा वही उघडतात.