चेकबुकावरची तिसरी सही

“तरुण पुढे येत नाहीत.” व्यावसायिक संघटनेच्या कुठल्याही वार्षिक सर्वसाधारण सभेला जा, व्यासपीठावरून हे वाक्य ऐकू येतंच. संघटना डॉक्टरांची असो, वकिलांची असो, सनदी लेखापालांची असो. मला हे वाक्य मान्य नाही. तरुण येतात. दोन-तीन कार्यक्रमांत मनापासून राबतात, आजूबाजूला काय चाललंय ते बघतात आणि मुकाट्याने निघून जातात. ते का गेले, हे त्यांना कोणी विचारत नाही.

जिल्ह्याच्या गावातली डॉक्टरांची शाखा घ्या. इंडियन मेडिकल असोसिएशन 1928 साली स्थापन झाली आणि तिचा खरा जीव आजही गावोगावच्या शाखांमध्ये आहे. तिथे नवा सदस्य येतो: पस्तिशीचा, एमडी झालेला, कर्ज काढून नुकतंच हॉस्पिटल टाकलेला. त्याला पहिलं काम मिळतं सीएमईच्या, म्हणजे निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर बसण्याचं. मग पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं, बॅनर छापून घ्यायचा, माइक चालतोय का ते बघायचं. वक्ता कोण, विषय कोणता, औषध कंपन्यांकडून स्टॉलचे किती घ्यायचे, उरलेले पैसे कुठे ठेवायचे, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. ते चार जणांनी ठरवलेलं असतं, त्यांच्यापैकी एकाच्या दवाखान्यात, रात्री ओपीडी संपल्यावर. जो माणूस दिवसभर अतिदक्षता विभागात निर्णय घेतो, त्याला संघटनेत फक्त जेवणाच्या मेनूबद्दल मत विचारलं जातं. दुसऱ्या वर्षी तो फोन उचलत नाही. त्यात त्याची काय चूक?

सीएमई ही हौसेची गोष्ट नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर डॉक्टरला पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. म्हणजे शाखेने कोणता वक्ता बोलावला, यावर त्या गावातले डॉक्टर यंदा नवीन काय शिकणार हे ठरतं. शाखेच्या हातातला सर्वांत मोठा अधिकार हाच आहे. नव्या अभ्यासक्रमातून नुकतीच बाहेर पडलेली मुलं-मुली हे ठरवताना खोलीत असलीच पाहिजेत. आज ती खोलीबाहेर पाण्याच्या बाटल्या मोजताहेत.

मुलींची गोष्ट तर आणखी संतापजनक आहे. वैद्यकीय महाविद्यालयांचे वर्ग मुलींनी भरलेले असतात. कार्यकारिणीच्या फोटोत मात्र त्या कडेला उभ्या असतात. त्यांच्या वाट्याला स्वागत, सूत्रसंचालन, फार तर सांस्कृतिक समिती. बैठक रात्री साडेनऊला, जेवण अकराला. घरी लहान मूल असलेली डॉक्टर त्या बैठकीला कशी येणार? आपल्याकडे बहुतेक दवाखाने दुपारी बंद असतात. दोन ते चार ही वेळ सगळ्या गावाला मोकळी सापडते. तरी बैठका रात्रीच होतात, कारण ज्यांनी वेळ ठरवली त्यांना रात्र सोयीची आहे.

आता संघटनेच्या घटनेबद्दल. आपल्या देशातल्या एका व्यावसायिक संस्थेच्या बाबतीत खुर्ची न सोडण्याचा प्रश्न कायद्यानेच हाताळला आहे. सनदी लेखापालांची इन्स्टिट्यूट 1949 च्या कायद्याने उभी राहिली. तिच्या मध्यवर्ती परिषदेत जास्तीत जास्त 40 जण; 32 निवडून आलेले, 8 केंद्र सरकारने नेमलेले. अध्यक्षपद एका वर्षाचं. परिषदेवर लागोपाठ दोनपेक्षा जास्त कार्यकाळ राहता येत नाही, आणि एकदा अध्यक्ष झालेल्याला पुन्हा परिषदेवर येता येत नाही. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. खुर्ची खरोखर रिकामी होते, त्यामुळे पुढचा माणूस तयार ठेवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आपल्या गावोगावच्या शाखांत याच्या उलट चालतं. तेच पाच जण. यंदाचा अध्यक्ष पुढच्या वर्षी खजिनदार, त्यानंतर सल्लागार, मग पुन्हा अध्यक्ष. निवडणूक ‘बिनविरोध’ झाली म्हणून टाळ्या वाजतात. बिनविरोध निवडीचा अभिमान वाटण्याऐवजी त्या दिवशी काळजी वाटायला हवी. एवढ्या मोठ्या शाखेत दुसरा उमेदवारच उभा राहिला नाही, याचा अर्थ तो घडवलाच गेला नाही.

अर्थात मुदतीच्या अटीने सगळं भागत नाही. अट फक्त जुन्या माणसाला उठवते. नव्याला बसण्याजोगं करायला वेगळी मेहनत लागते, आणि ती महाराष्ट्राला नवी नाही. पुणे सार्वजनिक सभा 1870 ची. तिचे चिटणीस म्हणून 1890 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले काम बघू लागले तेव्हा ते 24 वर्षांचे होते. त्यांचे गुरू महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना सतरंज्या उचलायला ठेवलं नाही. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे तपासायचे, सरकारला पाठवायच्या अर्जांचे मसुदे करायचे, सभेचं त्रैमासिक सांभाळायचं, असं खरं काम दिलं आणि ते स्वतःच्या नजरेखालून घातलं. रानडे न्यायखात्यात नोकरीला होते, वेळ त्यांनाही कमीच होता. त्या तालमीचं फळ 1897 मध्ये दिसलं. सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे लंडनला साक्ष द्यायला गोखले उभे राहिले तेव्हा हिंदुस्थानच्या जमाखर्चाचे आकडे त्यांना मुखोद्गत होते. वय तिशीचं. पुढे 1905 मध्ये त्यांनी भारत सेवक समाज काढला, त्यात नव्या सदस्यासाठी पाच वर्षांचं शिक्षण नियमातच घातलं. ज्याला कोणी घडवलं होतं, त्याने घडवण्याची सोय घटनेत लिहून ठेवली. आपल्या शाखांच्या घटनेत वर्गणी, गणपूर्ती आणि झेंड्याचा रंग सापडतो. पुढचा पदाधिकारी कसा तयार करायचा यावर एक ओळ नसते.

रानड्यांनी जे केलं ते आज करणं अवघड नाही. प्रत्येक कार्यकारिणीत सहचिटणीस नावाचं पद असतं आणि बहुतेक ठिकाणी ते नावापुरतंच असतं. त्या पदावर चाळिशीच्या आतला माणूस बसवा आणि त्याला चिटणिसाचं अर्धं काम खरोखर द्या. इतिवृत्त तो लिहील. पत्रांचा पहिला मसुदा तो करेल. ऑडिटरकडे तो जाईल, आणि चिटणीस शेजारी बसेल. धर्मादाय कार्यालयात तर त्याला आवर्जून न्या. सत्ता भाषणात नसते, कागदात असते, आणि तो कागद तरुणांना कोणी दाखवतच नाही. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 22 नुसार पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. कित्येक संस्थांचे चेंज रिपोर्ट दाखलच झालेले नसतात, किंवा वर्षानुवर्षं पडून असतात. मग धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या, म्हणजे शेड्यूल वनच्या उताऱ्यावर जुनी नावं तशीच राहतात, बँक नव्या सह्या घेत नाही आणि निवडून आलेला तरुण अध्यक्ष माजी अध्यक्षाच्या सहीसाठी त्याच्या बंगल्याबाहेर थांबतो. असा अपमान एकदा झाला की संघटना त्या माणसाला कायमची मुकते.

दुसरं, तरुण सदस्याला काम पूर्ण द्या. वार्षिक परिषदेतलं एक सत्र, एक आरोग्य शिबिर, एक स्मरणिका, काहीही. पण त्याचं अंदाजपत्रक, त्याची माणसं निवडण्याचा हक्क आणि त्याच्या खर्चाची सही त्याच्याकडेच हवी. खर्चाला मर्यादा घाला, जरूर घाला. पंचवीस हजारांची मर्यादा घालून दिलेला पूर्ण अधिकार हा पाच लाखांच्या परिषदेत धावपळ करण्यापेक्षा माणसाला जास्त शिकवतो. “आणि तोटा झाला तर?” असं विचारणाऱ्यांनी आपल्याच शाखेचे जुने ताळेबंद काढून बघावेत. तोटे ज्येष्ठांच्या काळातही झाले आहेत. ते भरून निघाले, शाखा बंद पडली नाही.

आणि कामाला शेवटची तारीख ठेवा. हॉस्पिटलचे हप्ते फेडणाऱ्या, पोरांच्या शाळेची धावपळ करणाऱ्या माणसाकडे तीन वर्षांचं पद मागितलं तर तो नाहीच म्हणणार. तीन महिन्यांचं काम मागा, तो करेल. ते झालं की दुसरं मागा. अशी तीन-चार कामं केलेला सदस्य चिटणीसपदाला घाबरत नाही, कारण तोवर त्याला हिशेब येतो, माणसं माहीत होतात, भांडण कुठे मिटवायचं ते कळतं.

ज्येष्ठांबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो मी इथे लिहून ठेवतो. शाखेची जागा त्यांनी मिळवली, नगरपालिकेत खेटे घालून हॉल बांधला, डॉक्टरांवर हल्ले झाले तेव्हा रात्री पोलीस ठाण्यात तेच बसले होते. त्यांना हे सगळं दुसऱ्याच्या हातात देताना धास्ती वाटते, हे मला कळतं. पण कपाटाच्या किल्ल्या घरी नेऊन ती धास्ती जात नाही. हातपाय चालताहेत, नावाला मान आहे, तोवरच नव्या माणसाच्या शेजारी बसून त्याला शिकवता येतं. नंतर उरते ती फक्त श्रद्धांजलीची सभा, आणि त्या सभेत खजिन्याचा हिशेब कोणालाच ठाऊक नसतो. अशा सभा महाराष्ट्रात कमी झालेल्या नाहीत.

तुमच्या शाखेच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत एक ठराव घाला. बँक खात्यावर तिघांच्या सह्या असतात. त्यातली तिसरी सही यापुढे चाळिशीच्या आतल्या सदस्याची असेल, आणि त्याचा चेंज रिपोर्ट 90 दिवसांत दाखल होईल. ठरावाला सूचक व्हा, अनुमोदक शोधा, मतदान घ्या. विरोध करणाऱ्यांची नावं आणि कारणं इतिवृत्तात लिहा.