लेकुरवाळ्या घरांसाठी फरशीशास्त्र

फरशी ही घरच्यांनी पसंत करायची, मिस्त्रीने बसवायची आणि मुलांनी नापास करायची वस्तू आहे. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी घरातल्या परीक्षक मंडळाची शिरगणती करून घ्यावी. दहा वर्षांखालचा एकच परीक्षक असेल, तर कुठलीही बरी टाइल खपून जाते. दोन असतील तर सावध राहावे. मे महिन्यात मुक्कामाला येणारी आतेमामेभावंडे धरून आकडा सातावर जात असेल, तर हॉलमध्ये सरळ डांबर टाकावे असे मनात येते. पण 20 जून 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेपासून आपला डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक गणला जातो. त्यामुळे डांबराचा बेत सोडून मुकाट्याने फरशीच पाहावी.

आधी शत्रूची माहिती काढावी. डहाणूच्या किनाऱ्यावरून घरी परतलेल्या मुलाच्या चपलेत, खिशात आणि का कोण जाणे, कानातही वाळू असते. वाळूतली गारगोटी मोह्सच्या काठिण्यपट्टीवर 7 व्या क्रमांकावर बसते. संगमरवर 3 च्या आसपास. शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड, त्यांचीही पत तेवढीच. म्हणजे वाळूच्या पायांनी संगमरवरी हॉलमध्ये लंगडी खेळणे म्हणजे पॉलिश पेपरने फरशी घासणेच, फक्त मजुरी द्यावी लागत नाही. ग्रॅनाइट किंवा चांगली व्हिट्रिफाइड टाइल या वाळूपुढे बराच काळ तग धरते. शिवाय दाराबाहेर एक खरबरीत पायपुसणे टाकावे. मुले त्यावरून उडी मारून आत येतात, तरी टाकावे.

वाळूनंतर चिकू. घोलवड-डहाणूच्या वाडीत कच्चा चिकू तोडला की देठातून पांढरा चीक येतो. मध्य अमेरिकेत याच झाडाच्या चिकापासून च्युइंगगम बनत असे, यावरून काय ते समजावे. फरशीवर सांडलेला चीक मुले टाचेने पसरवतात, त्यावर धूळ बसते आणि जो काळा ठिपका तयार होतो तो पाण्याला दाद देत नाही. खोबरेल तेलाने सुटतो. तेल पुसायचे राहिले, तर त्याचा शोध पुढचा परीक्षक सपाटून लावतो. लिंबाच्या सरबताचा गुन्हा याहून गंभीर. आम्ल चुनखडीला खाते, त्यामुळे पॉलिश केलेल्या कोट्यावर ते सांडून राहिले की चकाकीत मंद डाग उमटतो. तो घासून जात नाही, पुन्हा पॉलिश मारावे लागते.

आता खरेदी. गुजरातमधल्या मोरबीहून मुंबईकडे निघालेले टाइल्सचे ट्रक राष्ट्रीय महामार्ग 48 ने आच्छाडला महाराष्ट्रात शिरतात, तो पहिला तालुका तलासरीच. त्यामुळे तलासरीकरांना ताजी टाइल मिळते असा अभिमान बाळगायला हरकत नाही. दुकानदार आधी सर्वांत चकचकीत नग काढून उजेडात तिरका धरेल. घरधन्याने त्यात स्वतःचे प्रतिबिंब न पाहता नग उलटा करावा. साध्या सिरॅमिक टाइलची पाठ सच्छिद्र असते, पाण्याचा थेंब ओढून घेते. व्हिट्रिफाइड टाइलची पाणी शोषण्याची मर्यादा अर्धा टक्का. जुने जाणकार पाठीला जिभेचे टोक लावून पाहतात, सच्छिद्र माती जिभेला चिकटते. हा प्रयोग दुकानदार फोनवर असताना करावा.

मग कड पाहावी. ‘डबल चार्ज’ टाइलमध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो; ग्लेझवाल्या टाइलमध्ये वर नुसती छपाई आणि काचेचा पातळ लेप. फरक कळतो तो भोवऱ्याची लोखंडी आर वरून आदळली की. ग्लेझचा टवका उडाला तर आतला भलताच रंग डोळे वटारून पाहतो, डबल चार्जमध्ये खड्डा पडला तरी रंग तोच राहतो. ग्लेझच घ्यायची असेल, तर झिजेचा पीईआय वर्ग विचारावा. 1 ते 5 पैकी 4 च्या खाली जाऊ नये. मोरी आणि पडवीसाठी घसरण्याचा आकडा विचारावा. तो आर 9 पासून आर 13 पर्यंत असतो, आणि चार महिने ओल्या पायांनी नांदणाऱ्या या मुलखात आर 10 किंवा 11 बरा. हे प्रश्न ऐकून दुकानदार चहा मागवतो. तो घ्यावा, उत्तर मिळेपर्यंत उठू नये.

टाइल बसवण्याआधी खालच्या जमिनीचाही विचार करावा. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांना भूकंपाच्या लहानमोठ्या धक्क्यांनी गाठले. जमिनीतून आवाज यायचे, आणि त्या थंडीत अनेक कुटुंबे घराबाहेर तंबूत झोपली. इथे थट्टा आवरती घ्यावी. घराची बांधणीच कच्ची असेल, तर फरशीचे पैसे आधी भिंतींत आणि कोपऱ्यांत घालावेत. कोणतीही टाइल घर धरून ठेवत नाही. बांधणी ठीक असेल, तर मिस्त्रीवर नजर ठेवावी: टाइलखाली माल सगळीकडे भरला पाहिजे. चार कोपऱ्यांत चार गोळे आणि मधे पोकळी, असे काम झाले तर वरवंटा पडायचीही गरज नसते, कपाट सरकवताना टाइल तडकते. दुसऱ्या आठवड्यात नाण्याने ठोकून पाहावे. पोकळ वाजेल ती उचलायला लावावी. स्पेसर घालून सांधे सोडावेत आणि भिंतीलगत स्कर्टिंगखाली फट ठेवावी. ‘जोडाला जोड’ हे सोयरिकीत शोभते, फरशीत नाही.

एवढे वाचून ज्याचा जीव दमला, त्याने एखाद्या वारली पाड्यावर सकाळी जाऊन यावे. तिथे चोपून घट्ट केलेल्या जमिनीवर घरची बाई शेणाचा काला हाताने ओढत, अर्धवर्तुळामागून अर्धवर्तुळ काढत दाराकडे मागे सरकत असते. मधेच एखादे पोर ओल्या सारवणातून धावते. ती ओरडते, हात फिरवते, पावलाचा ठसा मिटतो. मिस्त्री नाही, ग्राउट नाही, जुळणाऱ्या शेडचा शोध नाही. याच सारवणाने कुडाच्या भिंतीही लिंपतात. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची शेणाच्या लेपावरची चित्रे तर परदेशी प्रदर्शनांत लागली आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यांवर त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणातच नेली. बालशिक्षणाचा एवढा मोठा प्रयोग चकचकीत टाइलवाचून अडला नाही, हे दुकानदाराला ऐकवायला उपयोगी पडते. मात्र सारवण दर काही दिवसांनी पुन्हा लागते, ओल धरते, आणि ते करणारे हात बहुधा बाईचेच असतात. सारवणाचे गोडवे गाणाऱ्या पाहुण्याच्या हाती आधी शेणाची पाटी द्यावी.

टाइलच ठरली, तर शेवटची सूचना. लागतील त्याहून दोन पेट्या जास्त घ्याव्यात, त्याच बॅचच्या; पुढच्या वर्षी तीच टाइल मागितली तर तीच शेड मिळेल याची खात्री नसते. बॅच नंबर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा. टाइल्स आडव्या न रचता कडेवर उभ्या ठेवाव्यात आणि पेट्या पलंगाखाली अगदी भिंतीला सारून द्याव्यात, कारण लपाछपीत तीच जागा सर्वांत आधी जाते.